मर्यादवेलीच्या अलीकडे

कर्द्याला नको, चोगले फोनवर म्हणाले,
तिथे जीपवाले वाळूवर आठाचे आकडे काढतात.
मुरूडला उंट आहे.
तुमच्या खारीनं उंट पाहिलाय का कधी?

नाही. खारीनं पाहिलीत पेठेतली गटारं,
बेकरीची मागची पायरी, आमच्या बँकेचा शिपाई,
आणि एकदा
पहिल्या मजल्याच्या कठड्याला येऊन टेकलेली वाशिष्ठी.

आंजर्ल्याला मीच नको म्हटलं.
फाल्गुन आहे. वाळूखाली कासवांची अंडी असतील
आणि हिला खणायची हौस.
स्वभाव वाईट नाही तिचा,
फक्त नाक फार प्रामाणिक आहे.

डॉक्टर खतीब म्हणाले होते, मागचे पाय आखडलेत,
ओल्या वाळूत चालवा.
ओली वाळू म्हणजे समुद्र, डॉक्टर.
हो, म्हणाले, बहुतेक वेळा.

चोगल्यांनी तिथी विचारली. अष्टमी.
मग भांग आहे, पाणी आळसावलेलं असेल.
नऊच्या आत पोचा, सुकती लागलेली असेल,
अकरानंतर कोरड्या वाळूत तळवे भाजतील तिचे.
हाताची मागची बाजू टेकवून बघा,
पाचपर्यंत मोजा, हात निघाला तर परत फिरा.
आणि गावातली कुत्री?
ती बोलून घेतील तिच्याशी. तुम्ही मधे पडू नका.

माझ्या तळव्यांची चौकशी
इतक्या बारकाईनं कोणी केली नव्हती.

तर मग ही पुळण. कोळथऱ्याच्या अलीकडे कुठेशी.
नाव विचारलं तर म्हणाले, पलीकडची पुळण.
कुठून पलीकडची?
सगळीकडून.

गाडीतून उतरल्या उतरल्या तिघे आले.
पुढचा एककानी, तांबूस, सरपंचाच्या चालीचा.
पंचनामा रीतसर झाला: शेपटी, कान, पुन्हा शेपटी.
खारी उभी राहिली,
शाळा बदललेल्या मुलीसारखी, खाली बघत.
मी पट्टा दोन वेढे जास्त गुंडाळला.
मग एककान्यानं सुरूच्या खोडावर पाय वर केला
आणि विषय मिटला.

सुकटीवर जाळं पसरत बसलेली बाई
(जनाबाय पावसे, नाव तिनंच सांगितलं, न विचारता)
म्हणाली, तोंड घालील काय ह्यात?
मी खरं सांगितलं, घालील.
मग आत्ताच घे, म्हणत तिनं एक बोंबील भिरकावला.
आता ती चोर नाय. पाहुणी.

वाळू सुरू होते तिथे मर्यादवेल पसरलेली,
जांभळी फुलं, आपट्यासारखी जोडपानं.
हिच्या पुढे समुद्र येत नाही, म्हणतात.
नदीला अशी वेल नसते.

खारी तिथेच थांबली.
मला वाटलं, मी पट्टा ओढला म्हणून.
पट्टा सैल होता.

दोन रात्री बेकरीच्या पत्र्यावर.
तिचं नाव तेव्हा ठरलेलं नव्हतं, माझं सांगायची गरज नव्हती.
मधे खारीचा एक डबा, वरून बंद, आतून कोरडा,
अख्ख्या चिपळुणात तेवढंच कोरडं.
एक तिला, एक मला,
अर्धी कोणाला यावरून थोडं गुरगुरणं,
दोन्हीकडून.

त्यानंतर मी बादलीसुद्धा अर्धीच भरते.

एककान्या पाण्याकडे निघाला, मागे न बघता.
खारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वेलीकडे,
मग वेल ओलांडली,
मागचा डावा पाय जरा घासत.
पट्टा माझ्या हातातून गेला, की मी सोडला,
आता नक्की सांगता येत नाही.

एक कुर्ली बिळात शिरली, खारी तिच्यावर भुंकली.
लाट आली, तिच्यावर भुंकली.
लाट परत गेली.
हे तिला अनपेक्षित होतं.
उभी राहिली, पाय ओले, कान ताठ,
आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागली,
डब्यातली शेवटची उरल्यावर बघायची तसं.

चोगल्यांचा फोन वाजत होता. चालला का किनारा,
एवढंच विचारणार होते.

मी चपला काढल्या.
हाताची मागची बाजू वाळूवर टेकवली,
पाचपर्यंत मोजलं.
मग, खात्रीसाठी, दहापर्यंत.